आहे काही जाहीर करण्यासारखं?

खिंडीतल्या आमच्या नाक्यावर
फेब्रुवारीतही वारा कानशिलं सोलून काढतो.
मेंदोसाहून येणारी बस इथे थांबते,
माणसं उतरतात, बॅगा उतरतात,
आणि एकोणीस वर्षं विचारतेय तेच मी विचारते:
आहे काही जाहीर करण्यासारखं?

नाही, म्हणतात सगळे.
फार पटकन म्हणतात.
मग बॅगेतून निघतं सलामी, मध, लसणाची वेणी,
एकदा तर बाळाच्या दुपट्यात गुंडाळलेला अख्खा चीजचा गोळा
आणि नवऱ्याकडे बघणारी बायको,
सांगत होते ना मी.
खोटं बोलतात असं नाही.
ते त्याला थोडंसं म्हणतात,
आणि थोडंसं म्हणजे त्यांच्या हिशेबी नसल्यातच जमा.

त्या दिवशी ओतिलिया बारोनीने
"हो"च्या चौकटीत खूण केली.
वर्णन: पीच. नग: एक्केचाळीस.
किमतीच्या रकान्यात, बारीक अक्षरात:
विहिरीजवळच्या झाडाचे.

सत्तरी उलटलेली. खोकं तिने स्वतःच उचलून टेबलावर ठेवलं.
"बहिणीला. किल्योतात असते.
लग्न करून डोंगराच्या या अंगाला आली
तेव्हापासून तिचं एकच,
इकडच्या पीचना नुसता रंग."

मी सांगितलं. फळमाशी, अळी, आमच्या बागा,
अमुक कलम, भट्टी मागच्या बाजूला.
हे इतक्यांदा सांगून झालंय
की सांगता सांगता मी
रात्री काय शिजवायचं ते ठरवू शकते.

"आणि पोटात असलं तर?"
"पोट नाही तपासत आम्ही."

व्यवहार पटल्यासारखी तिने मान हलवली
आणि खोक्याची सुतळी सोडली.

मग काय, नाक्यावर पंगत बसली.
ड्रायव्हर नेस्तोरने दोन्ही हातांत एकेक घेतला.
एका गिर्यारोहकाने हातमोज्यासकट चावा मारला.
दात नसलेल्या म्हाताऱ्याला नात फोडी करून भरवत होती,
तो डोळे मिटून फक्त चघळत होता.
रस मनगटावरून कोपरापर्यंत,
त्यावर वारा, की हात बधिर,
तरी कोणी पुसत नव्हतं.
आणि ती मधून फिरत होती, यजमानीण,
अजून एक घ्या, अहो लहान आहे हा,
परत पाठवायचं नाही काही.

माझ्यापुढेही धरला एक.
"ड्यूटीवर आहे."
तिने दुसऱ्यांदा आग्रह केला नाही.
तो तिने स्वतः खाल्ला, सगळ्यात शेवटी,
भिंतीकडे तोंड करून,
सावकाश.

कोयी पिशवीत गोळा करायच्या असतात. त्याही जाळतात.
मी मोजल्या.
चाळीस.
पुन्हा मोजल्या.

तेवढ्यात कानेला आली, आमची कुत्री.
काही सापडलं तर ती भुंकत नाही, नुसती बसते.
ती जाऊन बसली
ओतिलियाच्या कोटाच्या उजव्या खिशासमोर
आणि बिस्किटासाठी माझ्याकडे बघू लागली.

ओतिलियाही बघत होती.
हात खिशात. ओठाच्या कोपऱ्यात अजून एक धागा.

ऊठ, मी म्हटलं.
कानेला उठली नाही.
ऊठ म्हणते ना.
तेव्हा उठली.

मी लिहिलं: कोयी, नग एक्केचाळीस, जप्त.
सही. शिक्का जरा जोरातच बसला.

बस वळणं उतरत गेली, एकोणतीस वळणं,
शेवटच्यापर्यंत दिसते इथून.
संध्याकाळी खालच्या ऑफिसातून इस्माएलचा फोन.
आज काही विशेष?
नाही, म्हटलं मी.

किल्योताहून जाते कधी सुट्टीच्या दिवशी.
लोकांच्या कुंपणांवरून बघत जाते.
काही शोधत नाही.

कानेलाला त्या रात्री दोन बिस्किटं दिली.
तिने ती एकेक करून खाल्ली,
माझ्यावरची नजर न हलवता.