झाड एक, कपात

म्हमाणे साहेबांनी चार्ज दिला तेव्हा
यादीत होतं: वजनकाटा एक, शिक्के दोन,
लोखंडी पेटी किल्लीसह, स्टूल मोडकं,
आणि अगदी खाली, सहीच्या जागेत घुसलेलं,
कार्बनच्या निळ्या अक्षरात:
झाड एक. कपात. पाणी कमी.

सही केली. घेतलं ताब्यात.

ते मंगळवेढ्याचे. आचऱ्याच्या हवेवर त्यांचा राग.
श्रावणात तिकिटांचे ताव आपोआप चिकटायचे एकमेकांना,
बुटांना बुरशी, पापडाला हाडं नाहीत म्हणायचे.
ज्वारीबद्दल बोलायचे, एवढंच.
झाडाबद्दल कधी नाही.

त्याला नऊ वर्षं झाली.
या खिडकीत मी किती रजिस्टरं संपवली,
संगणक आला, बंद पडला, दुसरा आला,
इनासचे दोन्ही मुलगे म्हापशाला नोकरीला लागले.
झाडाला पानं आली सहा.
मोजलीत मी. जाड, टोकदार,
पाठीवर पांढऱ्या आडव्या रेघा, दुरेघी वहीसारख्या.
हॉवर्थिया म्हणतात, हे मला यंदा कळलं.
इनास टपाल लावता लावता त्याला
सुसरीचां पिल्लू म्हणतो,
आणि दर पावसाळ्यात एकदा विचारतो,
"मॅडम, ह्यां जित्यां आसा मां?"

दसऱ्यानंतर एका सकाळी कप तडकलेला दिसला.
कुणी आपटला नव्हता, मांजर आलं नव्हतं.
आतूनच, कानापासून बुडापर्यंत,
केसाएवढी रेघ.
इतकी वर्षं जे हललं नाही असं वाटत होतं
ते खाली हे करत होतं.

मग रविवार.
चिऱ्याच्या खाणीवरून जांभ्याचा भुगा आणला, चाळला,
जुन्या कौलाचे तुकडे हातोडीने वाटाण्याएवढे केले.
खाडीची वाळू तीन पाण्यांत धुतली,
तरी जिभेला लावली तर खारट. चौथं पाणी.
शेजारच्या वैजयंतीने भाताची जळकी तुसं दिली
आणि विचारलं नाही कशाला.
कुंडी कुडाळच्या बाजारातली, तळहाताएवढी.
भोक इनासने पाडलं, खिळ्याने,
श्वास रोखून, जणू कानच टोचतोय.

कप फोडावा लागला.
वरची माती लाल, आपली, भुसभुशीत, लगेच सुटली.
मुळं सुतळीसारखी, पांढुरकी, एकमेकांना धरून.
आणि त्यांच्या मधोमध
सुपारीएवढा गोळा,
काळा.

काळी माती आमच्याकडे नाही.
पंधरा कोस चालून गेलात तरी नाही, घाट चढावा लागतो.
कुणीतरी डब्यात, रुमालात, बिछान्याच्या वळकटीत
ती खाली आणली होती
आणि या हवेत, या पागोळ्यांच्या देशात,
तीच कोरडी राहिली होती आत.
चिमटीत धरून पाहिलं: अजून भेगाळत होती.

मला माहीत आहे, ती पाणी धरते, मूळ कुजवते,
जुनी माती सगळी झाडून टाकायची असते.
झाडली.
दाभणाने, चष्मा लावून, दीड तास.
जी मुळांच्या बेचक्यात बसली होती
ती सुटेना. नंतर मीच सोडवेना.

बाकीची पुडीत बांधली. पुडीवर पत्ता घातला;
पेन्शनच्या कागदांमुळे तो पाठ आहे मला.
पाठवायची कशी, कोणत्या दराने,
आत काय आहे म्हणून लिहायचं,
ते नियमात बघायला हवं. अजून बघितलेलं नाही.
पुडी काट्यावर ठेवली होती: एकवीस ग्रॅम.

झाड कुंडीत बसवलं. वाकडंच बसलं.
पाणी दिलं नाही.
आठ दिवस द्यायचं नाही, मुळांच्या जखमा वाळू द्यायच्या,
एवढं मी इनासला सांगितलं,
कारण त्याने तांब्या भरून आणलेला होता.

तो तांब्या घेऊन तसाच उभा.
"मॅडम, आता तरी वाढात मां?"
म्हटलं, आधी रुसून घेऊ दे त्याला.
त्याने मान हलवली,
आणि ते पाणी
दारातल्या अबोलीला घातलं.