दोन बोटं ढील

उद्या पहाटे विट्याहून सेलम.
साडेआठशे किलोमीटर, किंवा नऊशे,
कुठे चुकते त्यावर.
आज रात्री फक्त चेन.

मेन स्टँडवर गाडी. चाकामागे पुठ्ठा,
बेदाण्याच्या खोक्याचा, अजून गोडसर वास येतो.
दातांचा जुना ब्रश. रॉकेल,
आत्याच्या बंद पडलेल्या स्टोव्हमधलं, शेवटचं.
आणि पप्पांच्या बनियनच्या चिंध्या.

इंजिन बंद.
हे दस्तगीर शिकलगारांनी पहिल्याच दिवशी सांगितलं
आणि सांगताना उजवा हात पुढे केला:
अनामिकेचं टोक नाही.
"गियरमधी टाकून चेन पुसत हुतो.
हातानं फिरवायचं चाक, आक्का.
घाई आसंल तर एस्टीनं जावा."

मी हाताने फिरवते.
कडीमागून कडी येते,
भिवघाटातली धूळ तेलात मुरून मलम झालेली.
जोडकडीवर मी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय,
तो परत आला की एक फेरा.
तिथेच माशाच्या आकाराचं लॉक, बंद तोंड
चेन धावते त्या दिशेला.
उलटं बसलं तर कुठल्यातरी पुलावर निसटतं
आणि माणूस म्हणतो, काही कारण नव्हतं.

मग ढील.
खालच्या बाजूला, मधोमध, बोटाने वर उचलायची.
दोन बोटं.
पण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही,
जिथे सगळ्यात ताठ असेल तिथे मोजायचं.
हे मला तीन वर्षं माहीत नव्हतं.
मी हात पोचेल तिथे मोजायचे
आणि ताणत जायचे, पाव फेरा, अजून पाव,
आवाज नको म्हणून.
"ढिली चेन बोलती," दस्तगीरचाचा म्हणाले,
"ताठ चेन बोलत न्हाई. गपचीप बेरिंग खाती."

पप्पांची एकतीस वर्षं सेलमला गलाई.
सोनारांच्या दुकानातली झाडलोट, पायपुसणी,
हात पुसायची फडकी विकत घ्यायची,
जाळायची, राखेतून कण काढायचे.
लहानपणी मला वाटायचं
कुठलीही चिंधी जाळली की सोनं निघतं.
आईच्या लुगड्याचं टोक कापून मी चुलीत घातलं होतं.
मार खाल्ला, राख मात्र बशीत ठेवली,
ते येईपर्यंत.

आता ही बनियनची चिंधी बॅटरीखाली धरते.
काळी, आणि बारीक चमकते.
लोखंड. दात्यांची झीज,
चौदा हजार किलोमीटरचा चुरा.

नव्वद नंबर तेल, आतल्या बाजूने,
थेंब थेंब, दोन पानांच्या फटीत.
मग हात लावायचा नाही, रात्रभर मुरू द्यायचं.
लगेच निघणाऱ्यांचं तेल
पेठनाक्याच्या आतच रिमवर उडालेलं असतं.

पिशवीत छोटी बाटली, दोन पाने,
एक जादा लॉक, चहापत्तीच्या पुडीत गुंडाळून.
चित्रदुर्गाच्या आसपास पाचशे होतील,
तिथे एखाद्या पंपाच्या कडेला बसेन.

हात धुवायच्या आधीच फोन. कोपराने उचलला.
"किती वाजता?"
"चारला."
मग थोडा वेळ नुसता भट्टीच्या पंख्याचा आवाज.
"चेन बघितलीस?"
"बघितली."
"जरा ढिलीच ठेव. सामान बांधलं की ताणती."

हात लावायचा नव्हता.
मी पाना परत काढला,
डावीकडे पाव, उजवीकडे पाव,
आणि लाल ठिपका येईपर्यंत
चाक फिरवत बसले.