साखळी २१४ ते २३१

फॉर्म हिंदीत होता, रकाने सात.
मी नहर-खात्यातली कनिष्ठ लिपिक,
माझ्या वाट्याला मुरारच्या पलीकडचा हा तुकडा:
साखळी दोनशे चौदा ते दोनशे एकतीस,
सतरा साखळ्या, म्हणजे सतराशे फूट पाणी
ज्याला वर कुणी नाही, खाली कुणी नाही.

वरच्या तोंडाशी बायपासचा भराव.
खालच्या तोंडावर मंगलम मॅरेज गार्डन,
त्याच्या कारंज्याला पाणी टँकरचं.

रामसेवक कुशवाह बरोबर आला.
नोकरीत असताना पतरोल, नोकरी संपल्यावरही पतरोल.
खांद्याला पिशवी, पिशवीत ग्रीसचा डबा.
दर रविवारी येतो, चाक फिरवतो,
गेट वीतभर उचलतो,
पुन्हा जागच्या जागी सोडतो.
गेटापलीकडे माती, मातीवर डांबर, डांबरावर ट्रक.
मग कशाला, मी विचारलं.
"जाम हो जाएगा, बाईसाहेब."
एवढंच. जणू माझा प्रश्न दुसऱ्याच खात्याचा.

रकाना तीन: पाणी कुठून येते.
रकाना चार: पाणी कुठे जाते.
येतं तसं बऱ्याच ठिकाणांहून,
तिघऱ्याच्या फुटक्या पाइपातून रात्रंदिवस,
कॉलनीच्या गच्च्यांवरून श्रावणात,
आणि कुठून ते रामसेवकलाही माहीत नाही
अशा एका जागेतून, जिथे तळाशी बुडबुडे उठतात.
जातं म्हणावं तर म्हशींच्या पोटात,
शिंगाड्यांच्या पांढऱ्या गरात,
जेठाच्या उन्हात,
आणि एकदा हरविलास ढीमरच्या धाकट्याच्या नाकातोंडात.
पण तो खोकत खोकत परत आला
आणि आता वीस मोजेपर्यंत पलीकडे पोचतो.
रकाना बोटभर रुंद. मी लिहिलं: स्थानिक.

काठाला दगडी मोजपट्टी.
पितळेचे आकडे कुणी तरी उपटून नेलेले,
उरलेत आकड्यांच्या आकाराचे खळगे.
बोटाने वाचले. तीन फूट चार इंच.
चारच्या खळग्यात शेवाळ होतं,
शेवाळात एक मुंगी, घाईत.

आमचे अण्णा याच खात्यात ओव्हरसियर.
दिवसभर नहर लिहायचे, घरी मात्र पाट म्हणायचे.
"पाटावर जाऊन येतो,"
आणि शेजारच्या तोमरकाकू, ज्यांना आमच्याकडचा
जेवायचा पाट तेवढा ठाऊक,
आईला विचारत, इतका वेळ बसून
त्यांचे पाय दुखत नाहीत का?

मागल्या वैशाखात पुण्याची मामेबहीण आली.
मी सहज म्हटलं, त्या तसराळ्यात पीठ काढ.
ती हसत सुटली, दाराला टेकून हसली:
"तसराळं! अगं, हा शब्द अजून आहे?"
आहे ना.
रोज घासते मी.

रकाना पाच: मुख्य नहरेशी जोड.
"है लिखिए," रामसेवक म्हणाला.
कुठे?
त्याने भरावाकडे हात केला.
"मिट्टी के नीचे तो वही है।"
मी खरंच वाकून कान लावला मातीला.
ट्रक ऐकू आले,
आणि माझ्याच कानातलं काही तरी, घूं घूं,
ते मोजायला खात्याकडे पट्टी नाही.

रकाना सहामध्ये दोनच पर्याय छापलेले,
बुजवणे किंवा विकणे. तो कोराच ठेवला.
सातव्यात, अभिप्रायात, पेन आपोआप वळलं:
पाट. तीन फूट चार इंच. गेट चालते.

पंधरा दिवसांनी फॉर्म परत आला,
पहिल्या शब्दाभोवती लाल वर्तुळ,
बाजूला शेरा: स्पष्ट करें।

उत्तर अजून दिलेलं नाही.
या रविवारी रामसेवकला ताप होता,
किल्ली त्याच्या सुनेने आणून दिली.
काठावर हरविलासचा पोरगा ओल्या अंगाने उभा,
म्हणाला, उलटं नाही, सुलटं फिरवा.
चाक आधी हललंच नाही.
मग हललं.