ओत्तू

बेकरीवाल्या नदाफचाचांनी यीस्ट दिलं
पावाच्या कागदात बांधून, पैसे न घेता.
कशाला पाहिजे गं?
म्हटलं, कोरियाची पोळी करायचीय.
ते हसले की खोकले, कळलं नाही,
भट्टीपुढं दोन्ही सारखंच दिसतं.

मोबाईलमधली बाई सांगत होती :
पीठ उबदार जागी ठेवा, एक तास.
तिच्या खिडकीबाहेर बर्फ पडत होता.
आमच्या विडी घरकुलात एप्रिलची दुपार,
पत्र्याखाली थंड जागा असली
तर दाखवा म्हणावं.
तरी रीत ती रीत, मी पातेल्यावर चादर टाकली,
दोन मोरांची, नानांच्या मागावरची शेवटची,
आणि वीस मिनिटांत
मोर वर उचलले गेले.

ब्राऊन शुगर नव्हती. गूळ होता.
अक्रोड कुठले, शेंगा होत्या,
शेंगा नाहीत असं घर सोलापुरात
मला तरी माहीत नाही.
दालचिनी खलबत्त्यात कुटली
तेव्हा वेणू अभ्यास टाकून आला,
विचारायला लागला, आज कुणाचा वाढदिवस?

पहिली फुटली.
दुसरीही.
गूळ तव्यावर पसरून काळा झाला,
धूर शेजारच्या येमूलकाकूंपर्यंत गेला
आणि त्यांची हाक परत आली :
काय जळालं गं तुमचं?

अम्मा दारात बसली होती.
मांडीवर सूप, ओल्या फडक्यात पानं,
सातशे झाल्या होत्या, तीनशे राहिल्या होत्या.
वर न बघता म्हणाली,
तोंड नीट मिटत नाहीस तू.
मग तू कर की!
तिनं बोटांकडं पाहिलं.
हा हात नको पिठात.

हा हात मला माहीत आहे.
वेणू आणि मी चमच्यानं जेवत मोठे झालो.
गल्लीतल्या पोरींना वाटायचं, काय थाट आहे यांचा.
खूप उशिरा कळलं,
घास भरवताना तंबाखू कडू लागतो
म्हणून तो चमचा होता.

पाणी परवा येणार होतं.
तरी मी अर्धी घागर ओतली तिच्या हातांवर,
लिंबाची फोड, साबण, पुन्हा लिंबू.
ती नको नको म्हणत राहिली
आणि हात मागे घेतला नाही.

मग पिठाचा गोळा तिच्या तळव्यावर बसला.
मध्ये खळगा, खळग्यात गूळ-शेंगा,
अंगठ्याच्या नखानं कड आत,
पुन्हा आत, थोडी फिरवून पुन्हा आत,
दिवसाला हजारदा जसं तोंड मिटते, तसं.
मी मोजत होते. चार सेकंदही लागले नाहीत.

नाव काय म्हणालीस हिचं?
होत्तोक.
ओत्तू?
ती थांबली. मग हसायला लागली, खांदे हलवत.
अगं, ओत्तू म्हणजे दाब! आपलंच की हे.
दाब म्हणतीय ती, दाब तिला!
आणि मी तेल लावलेल्या लोटीच्या बुडानं
तव्यावर दाबली ती,
पसरली, चपटी झाली, करपट सोनेरी झाली,
फुटली नाही.

पहिल्या दोन वेणूनं खाल्ल्या.
छाट निघालेला माल, म्हणाला, मला चालतो.
एरवी छाट हा शब्द घरात आला
की अम्मा आठवडाभर बोलत नाही,
त्या दिवशी तिनं त्याला टपली मारली फक्त.

तिच्या घासातून गूळ निसटला,
मनगटावरून कोपरापर्यंत धावला.
पोळली. तरी चाटला.
मी दुसरी वाढायला गेले तर म्हणाली, चालू.
तेलुगूत त्याचा अर्थ पुरे.
मी मराठीत ऐकलं
आणि तवा चालू ठेवला.

साडेचारला ती परत सुपापाशी गेली,
सहाच्या आत माल पोचवायचा होता.
बसताना तिनं बोटं नाकाशी नेली,
एकदा. मग अजून एकदा, जरा जास्त वेळ.
दालचिनी असेल अजून, किंवा लिंबू.
आणि हात तंबाखूत घातला.