केबल अजून प्लास्टिकमध्ये

फोंड्याच्या शोरूममध्ये महिना संपला
की फळा पुसून मी दोन रकाने नव्याने आखते.
डावीकडे निव्वळ विजेच्या.
उजवीकडे प्लग-इन, म्हणजे भिंतीतूनही पिणाऱ्या, पंपावरही.
केंकरेसाहेब त्यांना 'मिश्राहारी' म्हणतात
आणि स्वतःच हसतात, कारण दुसरं कुणी हसत नाही.

मे: चार आणि नऊ.
जून: तीन आणि अकरा.
गेल्या वर्षी हेच आकडे उलटे होते.
तेव्हा वरून पोस्टर आलं होतं माणसाएवढं, 'पेट्रोलला निरोप'.
आता ते स्टोअरमध्ये भिंतीकडे तोंड करून उभं आहे
वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखं.
नव्या पोस्टरवर लिहिलंय, 'निवड तुमची'.
कंपनीला काही सुचेनासं झालं
की ती असं आपल्यावर सोडते.

बोरीचे फिलोमेन कुलासो तीनदा आले.
नारळ पारखावा तशी बोनेटवर टिचकी मारली, कान दिला.
"आनी लायट गेल्यार?"
म्हटलं, पेट्रोल आहे ना.
"आनी पेट्रोल सोंपल्यार?"
म्हटलं, लाइट.
मग त्यांच्या चेहऱ्यावर जो विसावा उतरला
तो माझ्या ओळखीचा.
त्यांचा थोरला पोर्तुगीज पासपोर्ट काढून
मडगावच्या दुकानात कांदे तोलतो.
जात कुठंच नाही. पासपोर्ट कपाटात आहे, एवढं पुरे.
जूनचा अकरावा आकडा तो.

तिसरा आकडा, डावीकडचा, रजनी सावईकरबाईंचा.
सावईवेऱ्याच्या. पोस्टातून निवृत्त.
त्यांनी फक्त युनिटचा दर विचारला
आणि पाकिटाच्या मागे गुणाकार केला.
आता कुळागराकडच्या खिडकीतून वायर ओढून गाडी लावतात,
वीज गेली की मला फोन करतात, तक्रारीसाठी नव्हे, सांगायला.
"काल आठ टक्क्यांवर घर गाठलं गं, चढणीसकट.
भ्यायले.
किती वर्षांनी भ्यायले!"
मला काय बोलावं कळलं नाही.
मी म्हटलं, सर्व्हिस सेंटरला कळवते.

डिसेंबरात कुलासोंची गाडी आली पहिल्या सर्व्हिसला.
दिनूने लॅपटॉप जोडला आणि हाक मारली.
चार्जिंग: शून्य वेळा.
डिकीत केबल, केबलची पिशवी, पिशवीवर प्लास्टिक,
प्लास्टिकची चिकटपट्टीही शाबूत.
शेजारी सुंगटांच्या वासाचा रिकामा क्रेट.
सहा महिने ती जडशीळ बॅटरी
बोरीच्या पुलावरून रोज गेली आली,
लग्नाच्या बसमधल्या कुणीच न बोलावलेल्या
दूरच्या काकासारखी, गप्प.
अहवालात मात्र ती विजेच्या गाड्यांत मोजलेली.
मीच मोजली होती.

दिनू म्हणाला, फाडू का प्लास्टिक?
म्हटलं, फाड.
दुपारभर गाडी आमच्या भिंतीला लागून प्यायली.

संध्याकाळी कुलासो आले, बसले, बटण दाबलं,
उतरले.
"बाय, गाडी मेली गो."
नाही मेली, म्हटलं. चालू आहे. पाय ठेवा.
"आवाज खंय?"
फाटकापर्यंत ते खिडकीतून मान बाहेर काढून गेले
स्वतःच्याच गाडीचा माग काढत.
अर्ध्या तासाने पुलावरून फोन.
"आवाज येना."
मग बराच वेळ फक्त वारा.
"पूण वता."

मी स्कूटर काढली, रिझर्व्हवर होती.
पंपावर रांग.
रांगेत तिसरे कुलासो.
मला पाहून हात केला, थोडे ओशाळले,
आणि पोराला म्हणाले,
फुल कर.