कलम नऊ

कंपनीचं नाव सांगता येणार नाही.
रक्कमही नाही. कलम नऊ; खाली माझीही सही आहे.
एवढं मात्र चालेल: टोलीडो शहर, फेब्रुवारी,
बंद पडलेल्या बुटांच्या दुकानावरचं माझं ऑफिस
आणि जिना चढून आलेला एल्डन प्रुइट,
हातात नमुन्यांची पेटी,
जणू मलाच काही विकायला आलाय.

पेटीत बिजागऱ्या.
हॉस्पिटलच्या दारांच्या, दोन्हीकडे फिरणाऱ्या,
स्ट्रेचर टेकलं की आवाज न करता वाट देणाऱ्या.
एक त्यानं माझ्या टेबलावर उघडमीट करून दाखवली,
सवयीनं किंमतही सांगितली,
मग खिशातून पत्र काढलं.
बावीस वर्षांच्या चार ओळी.
त्यातली एक तारीख, एक 'आपला विश्वासू'.

अकरा दिवसांनी ऑर्डर आली होती.
सव्वीस हॉस्पिटलं, त्यांतलं दार न् दार.
पाच वर्षं तो त्या ऑर्डरीसाठी फिरला,
लायमा, फिंडली, सँडस्की,
मोटेलचे साबण, स्टिअरिंगवर उलगडलेलं सँडविच.
स्वयंपाक झाला
आणि पंगत बसायच्या आत आचारीच दाराबाहेर.
करारात म्हटलं होतं: कमिशन, माल रवाना झाल्यावर.
माल रवाना झाला तेव्हा एल्डन कोणीच नव्हता.

मी म्हटलं, जिंकलो तर तिसरा हिस्सा माझा.
हरलो तर खालच्या दुकानाला सोबत.
तो हसला नाही. बूट मात्र बघून घेतले माझे.

जबानीच्या दिवशी त्यांच्या बाजूला सहा वकील,
सहा पाण्याच्या बाटल्या, एकाच उंचीच्या.
आमच्या बाजूला तो, मी
आणि केळ्यांच्या खोक्यात बावीस डायऱ्या.
त्यांच्यातला सर्वांत तरुण म्हणाला,
मिस्टर प्रुइट, चौदा मार्चला, त्या सोमवारी,
आपण कंपनीसाठी नेमकं काय केलंत?
एल्डननं चष्मा लावला. पान शोधलं. वाचलं:
'बर्फ. बर्निस रजेवर. तिच्या कुत्र्याचं ऑपरेशन. उद्या परत.'
सहाही हसले.
बरं, आणि उद्या?
'कुत्रा बरा आहे. तासभर त्याच्याबद्दलच बोललो.
निघताना तिनं दारांची यादी दिली.'

कोणी हसलं नाही म्हणावं, तर तेही खरं नाही.
लिहून घेणारी बाई हसली, मान खाली घालून,
बोटं न थांबवता.

मग बर्निस हॅकेट आली. निवृत्त, कमरेचं हाड नवीन,
पर्समध्ये त्या कुत्र्याचा फोटो, न विचारता दाखवलेला.
शपथ घेऊन म्हणाली:
बिजागऱ्या मी एल्डनकडून घेतल्या.
तुमच्या कंपनीचं नाव मला बिलावर दिसायचं.
ते वाक्य टाइप होताना मी ऐकलं.
वकिली अशी क्वचितच ऐकू येते.

पुढचं कलम नऊमध्ये गेलं.
दोन शनिवार, तीन मसुदे,
'कोणतीही चूक मान्य न करता' हे शब्द चार ठिकाणी.
इतकंच सांगते, की मी छपराची गळती काढून घेतली
आणि एल्डननं जुनीच गाडी ठेवली.

सही करताना त्यानं पेन उचलून धरलं.
हे सांगायचं कोणालाच नाही?
मी म्हटलं, पोटकलम ब. बायकोला चालेल, हिशेबनिसाला चालेल.
हिशेबनीस नव्हता कधी, तो म्हणाला,
सगळं रूथ बघायची, स्वयंपाकघरात, रविवारी.
मग बराच वेळ खिडकीबाहेर, नदीवरच्या बर्फाकडे.
मिस कोवाल्चिक,
मेलेली बायको धरतात का बायकोत?

मी कलम पुन्हा वाचलं, पहिल्या शब्दापासून.
मनाई कुठेच नव्हती.
जे लिहिलेलं नाही ते आपल्या बाजूनं वाचायचं,
एवढाच तर माझा धंदा.
धरतात, मी म्हटलं.
त्यानं सही केली, पेटी उचलली
आणि स्मशानाचं फाटक हिवाळ्यात किती वाजता बंद होतं
ते मलाच विचारलं.