एक पेर पाणी

वर्गात शिकलेली चाळीस वाक्यं घेऊन मी बारी शहरात आले.
माझं नाव त्सियाला. स्टेशन कुठे आहे? गोळी जेवणानंतर घ्या.
सिन्योरा विन्चेन्झाला त्यातलं एकही लागू पडलं नाही.
ती बोलायची तिच्या गल्लीची बोली,
शब्दांची शेपटं गिळून टाकलेली.
मुलगा मिलानहून फोनवर म्हणाला,
मलाही निम्मं कळत नाही, तुम्ही नुसती मान हलवा.

मान हलवून डाळ शिजत नाही.

पहिल्या मंगळवारी तिनं फावाची सोललेली डाळ टेबलावर ओतली,
पिवळट, दातासारखी टणक,
आणि चष्मा कपाळावर सरकवून निवडत बसली.
माझ्यापुढे एक छोटा ढीग लोटला.
खडे कसे निवडायचे हे मला कुणी शिकवायला नको होतं.
तेवढा तासभर आम्ही दोघी एका भाषेत होतो.

मग मातीचं मडकं. तळाशी बटाट्याच्या चकत्या, वर डाळ.
पाणी ओतताना तिनं माझी तर्जनी धरली,
थेट आत बुडवली, डाळीला टेकवली,
आणि पहिल्या पेरावर नख रुतवलं.
इथवर.
चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईचं नख. वळ संध्याकाळपर्यंत होता.

ढवळायला गेले की मनगटावर चापट.
क्यान क्यान!
मला वाटलं, क्यान म्हणजे चमचा.
मग वाटलं, मीठ.
एका सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन
मी चक्क अर्धा किलो क्यान मागितलं.
दुकानदार कोझिमो हसला नाही.
त्यानं कागदी पिशवी घेतली
आणि इतक्या सावकाश उघडली,
इतक्या सावकाश तिची पुन्हा घडी घातली,
की मागची रांग खदखदली
आणि माझ्या डोक्यात उजेड पडला.

आमच्या झेस्टाफोनीत म्हणतात, नेल-नेला.
नवरा ट्रक मागे घ्यायचा तेव्हा मी हेच ओरडायचे.
कुठल्याच देशात हा शब्द एकदा म्हणून भागत नसावं.

दोन तास. फेस तेवढा काढायचा.
ती मडक्याकडे बघत नाही, कान देते.
आधी बुडबुड, मग रटरट,
मग एकेक जाड, आळशी फुटका आवाज,
तेव्हा लाकडी चमचा माझ्या हातात.
घोट.
तेलाचं माप मला आजही ठाऊक नाही.
ती खिडकीतून खालच्या बाईला काहीतरी विचारते,
उत्तर येईपर्यंत धार चालू.

बाजूला उकडलेली कडू पानं, कालचा पाव.
पहिला घास घेऊन तिनं बोट गालात खुपसलं, गोल फिरवलं.
दाढ! मी धावत गोळी आणली.
तिनं गोळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
गोळी ॲप्रनच्या खिशात टाकली
आणि बोट पुन्हा गालात.
ताटली पावानं पुसून कोरडी झाली
तेव्हा कुठे कळलं, कशाचं दुखणं नव्हतं ते.

रविवारी चर्चमागच्या मैदानातून मिनीबस निघते.
तेओनाला पाठवलं: साबण, बूट, दोन किलो डाळ.
आठवड्यानं तिचा फोन. आई, पाणी किती?
एक पेर.
कुणाच्या बोटाचं?

मी गप्प झाले.
तिची बोटं आता केवढी झाली असतील.
चार वर्षांत मी ती फक्त पडद्याच्या कडेला पाहिलीयत,
फोन धरलेली.

थांब, म्हटलं. ऐक.
आणि फोन मडक्यावर धरला.
मागून सिन्योरा काहीतरी ओरडली.
फोनबद्दल असावं, किंवा आचेबद्दल.
मी आच कमी केली.